गेटवरच्या फेस मशीनबद्दल थोडं बोलायचंय

मा. अध्यक्ष काका,

नमस्कार. ग्रुपवरच लिहिणार होते पण तिथे काहीही टाकलं की दोन मिनिटांत भांडण सुरू होतं, म्हणून सरळ पत्र लिहितेय. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

एक तारखेपासून आपल्या सोसायटीत कामाला येणाऱ्या सगळ्यांना फेस मशीन (चेहरा ओळखून आत सोडणारं) कंपल्सरी, असं सर्क्युलर आलंय. आधीच सांगते, मला त्याला जोडलेल्या गेटच्या ॲपचा राग नाहीये, कोणी आलं की फोनवर कळतं, बरं वाटतं. आणि जुनं रजिस्टर तरी काय भारी होतं, सही करायला वाकलं की आधीच्या वीस जणांचे मोबाईल नंबर समोर! गंमत म्हणजे त्या कागदी वहीला २०२३ चा डेटा प्रोटेक्शनचा कायदा लागूच होत नाही, तो डिजिटल माहितीसाठी आहे. म्हणजे वही बंद करून ॲप आणलं त्या दिवशी आपण कायद्याच्या कक्षेत जायची तयारी केली, फक्त मीटिंगमध्ये हे कोणी बोललं नाही (मीही नाही, कारण मी आलेच नव्हते, मान्य).

परवा सहज ॲप उघडलं तर आमच्या मावशी गेल्या मंगळवारी कुठल्या घरात किती वाजता गेल्या, कधी निघाल्या, सगळं मला दिसत होतं. मला कशाला हवंय ते? आणि मावशींना असं कोणाचं काही दिसतं का, तर नाही. त्यांना विचारलं, फोटो घेताना काय सांगितलं, तर म्हणाल्या, "काही नाही ताई, इथे बघा म्हणाले, बघितलं."

याला संमती म्हणायचं का काका? कायद्यात संमती मोकळेपणाने दिलेली, कशासाठी ते समजून दिलेली हवी, आणि दिली तितक्याच सहज परत घेता आली पाहिजे असं आहे. संमतीची नोटीस मराठीत मागायचाही हक्क आहे. इथे तर नाही म्हटलं की गेटच्या बाहेर, मग काम गेलं. स्वीडनमध्ये २०१९ ला अगदी असंच झालं होतं, एका शाळेने २२ मुलांची हजेरी चेहऱ्यावरून घेऊन बघितली, पालकांची संमती पण होती, तरी तिकडच्या नियामकाने दंड लावला, कारण मुलं शाळेवर अवलंबून आहेत, नाही म्हणायला खरी मोकळीकच नाही आणि हजेरी साध्या पद्धतीनेही घेता येते. मावशींचं आपल्याशी नातं याहून वेगळं कुठाय. मशीन लावायला मत दिलं फ्लॅटवाल्यांनी आणि चेहरे घेतले जे मीटिंगला येऊच शकत नाहीत त्यांचे.

व्हेंडर म्हणतोय सगळं सेफ आहे, कंपनी बघेल. पण आपण ज्याला काम देतो त्याच्या चुकीला उत्तर आपणच द्यायचं असा कायदा आहे. डेटाची नीट काळजी घेतली नाही तर दंडाची वरची मर्यादा २५० कोटी आहे. आपल्याला तेवढा कोणी लावणार नाही हे मलाही कळतं, आणि नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असले तरी मुख्य जबाबदाऱ्या दीड वर्षाने लागू होणार आहेत. पण पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा कुठून बदलायचा?

सेक्रेटरी साहेब म्हणतील सरकार स्वतः किती डेटा घेतं. घेतं, आणि त्या कायद्यात स्वतःसाठी सवलतीही भरपूर ठेवल्यात, मलाही ते पटत नाही. पण प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं २०१७ ला, तेव्हा सरकारला लावायची एक कसोटीही पुढे आली होती, गरज खरी आहे का आणि घेताय ते त्या गरजेच्या प्रमाणात आहे का. सोसायटीला ती बंधनकारक नसेल, पण आपली गरज एवढीच ना की अनोळखी माणूस आत येऊ नये? मग रोज येणाऱ्या माणसाला कार्ड किंवा कोड दिला तर काय बिघडतं. ज्याला फेस मशीन सोयीचं वाटतं त्याने खुशाल वापरावं, मी स्वतः वापरीन, दोन्ही हातात पिशव्या असताना कार्ड कोण शोधत बसणार.

बाकी येण्याजाण्याची नोंद महिन्याभराने पुसायला सांगा, काम सोडून गेलेल्यांचे फोटो आत्ताच काढून टाका, आणि ॲडमिनचा पासवर्ड नक्की कोणाकोणाकडे आहे ते कळू दे, कारण मागे पार्किंगमधल्या मुलांची सीसीटीव्ही क्लिप ग्रुपवर फिरली ती कोणी टाकली ते आजपर्यंत समजलेलं नाही.

रविवारी सकाळी अर्धा तास द्याल का? व्हेंडरच्या ॲग्रीमेंटची कॉपी तेवढी काढून ठेवा, डेटा कुठे राहतो आणि काँट्रॅक्ट संपल्यावर त्याचं काय होतं हे त्यात लिहिलंय का ते एकत्र बसून बघू. आणि तोपर्यंत ते कंपल्सरीचं सर्क्युलर थांबवा प्लीज.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरची सभासद
(पुढच्या मीटिंगला नक्की येणार)