टॉपिंगचा हिशोब अन् आपली शेवेची प्लेट

ब्रॅम्प्टन, कॅनडा

तीर्थरूप बाबा अन् आईले नमस्कार, आजीले वेगळा नमस्कार, दादा-वहिनीले पण.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलं का तू त्या पिझ्झाच्या दुकानात कॉम्प्युटरवर काय करून राह्यली, अन् मी "मेनू टाकून राह्यली" एवढंच सांगून फोन ठेवला कारण ड्युटीची वेळ झाली होती. पण काम तेवढंच नाही, कशाचा भाव कसा लावाचा हे पण मीच कॉम्प्युटरले सांगते, अन् तुमाले ते नीट समजावं असं मले लय वाटते. आज सुट्टी आहे म्हणून लिहिते.

आपल्या फाट्यावरच्या हॉटेलात पोह्यावर तर्री फुकट, कांदा फुकट, तर्री दुसऱ्यांदा मागितली तरी फुकट, शेव जास्त पाहिजे तं ५ रुपये. हे सगळं तुमच्या डोक्यात आहे, कुठं लिहिलेलं नाही, अन् गिऱ्हाईक समोर उभं असते म्हणून चालून जाते. इथं गिऱ्हाईक घरी बसून मोबाईलवर एकेक टॉपिंग दाबते, म्हणजे पिझ्झ्यावर टाकाचा कांदा, ढोबळी मिरची, पनीर, चिकन असं, अन् भाव कॉम्प्युटर सांगते. त्याले जे सांगितलं तेच तो करते. सांगाचं राहून गेलं तं गिऱ्हाईकाचा तरी तोटा होते, नाही तं दुकानाचा तरी.

पहिले दुकानात सगळ्या साइजले टॉपिंगचा एकच भाव होता, पावणेदोन डॉलर. मी मालकाले वहीवर काढून दाखवलं, तेच आपलं शाळेतलं वर्तुळाचं क्षेत्रफळ. १० इंची पिझ्झा म्हणजे ७८.५ चौरस इंच अन् १४ इंची म्हणजे १५४, जवळजवळ दुप्पट! पाहाले चारच इंच जास्त वाटते पण पनीर दुप्पट लागते. मंग १० इंचीले दीड डॉलर, १२ ले दोन, १४ ले अडीच, १६ ले तीन असं ठरवलं.

हे आकडे असे घेण्याचं अजून एक कारण आहे. इथं लोक अर्ध्या पिझ्झ्यावर एक अन् अर्ध्यावर दुसरं मागतात, नवऱ्याले चिकन अन् बायकोले भाजी असं. पावणेदोनचं अर्धं होते साडेसत्त्याऐंशी सेंट, कॉम्प्युटर त्याचे अठ्ठ्याऐंशी करते, अन् दोन्ही बाजूले तेच टॉपिंग वेगवेगळं दाबलं का पूर्ण पिझ्झ्यापेक्षा एक सेंट जास्त लागते. एक सेंटचं नाणं तं इथं २०१३ पासून वाटणंच बंद आहे, पण कार्डावर तो सेंट कटतेच. नवीन भाव सगळे नीट अर्धे होतात.

अर्ध्याचा भाव काय घ्याचा यावर मालकाशी माझं दोन दिवस बोलणं चाललं. त्यायचं म्हणणं अर्ध्यावर टाकलं तरी हात तेवढाच चालते, भाव पूर्ण घेऊ. मले तुमची अर्धी प्लेट आठवली, २० ची प्लेट तं अर्धी १२ ले, कारण प्लेट धुणं अन् वाढणं तेवढंच. ते बरोबरच आहे. पण इथं पिझ्झ्याचे, भट्टीचे, डब्याचे पैसे गिऱ्हाईकानं आधीच दिलेले असतात, राह्यलं ते फक्त अर्धं पनीर. हे पटलं त्यायले.

सगळ्यात मोठी चूक मात्र नंतर सापडली, अन् त्या दिवशी मी रडलीच बाबा. तीन टॉपिंग पिझ्झ्यासंगं मिळतात, चौथ्यापासून पैसे. पनीर-चिकनचा भाव साध्याच्या दुप्पट. एका आजीबाईंचा फोन आला, म्हणे परवा हाच पिझ्झा, हीच टॉपिंग, आज बिल जास्त कसं? पाहिलं तं कॉम्प्युटर पहिले दाबलेली तीन फुकट धरत होता. पनीर आधी दाबलं का पनीर फुकट, कांदा-टमाटर आधी दाबलं का पनीरचे पूर्ण पैसे. पिझ्झा तोच! मले एकदम तुमची कापसाची गाडी आठवली, एकाच वावरातला कापूस, दोन दिवसांत दोन भाव, अन् पैसे काऊन कापले ते त्या व्यापाऱ्यानं सांगितलंच नाही, तुम्ही घरी येऊन न जेवता झोपले होते. मी तेव्हा दहावीत होती.

मंग मी नियमच बदलला. साधं टॉपिंग म्हणजे एक, पनीर-चिकन म्हणजे दोन, अर्ध्यावर असलं तं त्याचं निम्मं. सगळी बेरीज कराची, त्यातून तीन वजा, उरलेल्याले त्या साइजचा भाव. कांदा, मिरची, टमाटर अन् पनीर म्हणजे पाच, तीन गेले, दोन राह्यले, १४ इंचीले पाच डॉलर. कसंही दाबा, पाचच. अन् प्रत्येक दाबण्यासंगं खाली आकडा बदलताना दिसते, पैसे भराच्या आधी. आजीबाईंचे जास्तीचे पैसे मालकानं वापस केले.

टॅक्सचं पण एक आहे. इथं तयार खाण्याचं बिल चार डॉलरपर्यंत असलं तं ५ टक्के, वर गेलं का सगळ्यावर १३. पावणेचारचा एक तुकडा घेतला तं ३.९४ होतात, त्यावर एक डॉलरचं टॉपिंग टाकलं का ५.३७. लोकायले वाटते दुकानानं लुटलं. म्हणून टॅक्सची ओळ वेगळी दाखवाले लावली.

दहाच्या वर टॉपिंग घेऊ देत नाही, भाजीचं पाणी सुटते अन् मधात कच्चं राह्यते. अन् पिझ्झ्यासंगं मिळणाऱ्या तिनातलं टॉपिंग काढा म्हटलं तं पैसे कमी होत नाहीत, जसं कांदा नको म्हटल्यानं आपले पोहे स्वस्त होत नाहीत, पण त्याच्या बदल्यात तेवढ्याच किमतीचं दुसरं घेता येते.

दादा म्हणत होता फोनवर पार्सलची ऑर्डर घेणं सुरू कराचं. करा, पण आधी एक पाटी लावा बाबा. शेव किती, अर्धी प्लेट किती, पार्सलच्या तर्रीचे पैसे आहेत का नाहीत, आलुबोंड्यासंगं रस्सा किती वेळा. तुम्ही हॉटेलात नसले अन् दादा गल्ल्यावर असला तरी भाव तोच राह्यला पाहिजे.

आई, तुझं गुडघ्याचं तेल संपलं का ते कळव. वेचणीले बाया मिळून राह्यल्या का? तूर फुलावर आली असेल. इथं काल पहिला बर्फ पडला, स्वेटर घालतेच, काळजी करू नको.

तिकडं सकाळचे साडेसहा म्हणजे इकडं आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ, मंगळवारी माझी ड्युटी नसते म्हणून तुमच्या बुधवारी पोहे टाकाच्या आधी फोन करते. तोपर्यंत शेवेचा भाव ठरवून ठेवजा, पाटी मी इथून बनवून पाठवते, दादा दारव्ह्यावरून छापून आणेल.

तुमची लेक