आदेश आधी कळावा, मग लागू व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुढीपाडव्यापासून, म्हणजे २ एप्रिल २०२२ पासून, राज्य सरकारने कोरोनाचे निर्बंध मागे घेतले आणि मास्क लावणेही ऐच्छिक झाले. दोन वर्षे बंद पडलेल्या गावोगावच्या यात्रा-जत्रा २०२२ च्या चैत्रात पुन्हा भरू लागल्या. त्याचा आनंद सगळ्यांना आहे, तसा मलाही आहे. मात्र या आनंदात एक काम, म्हणजे साथीतले आदेश गावापर्यंत कसे आणि कधी पोचले याचा हिशेब, मागे पडू नये, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातील एका गावात राहणारा निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. मार्च २०२० मध्ये गावात कोरोनासाठी जी समिती नेमली गेली, तिच्यात सरपंच, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांच्याबरोबर मलाही घेतले होते. माझ्याकडे काम होते ते आलेला आदेश वाचून त्यातला आपल्या गावाला लागू होणारा भाग ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहिण्याचे. तेव्हापासून आलेला प्रत्येक कागद मी फाईलला लावून ठेवला आहे. ती जाडजूड फाईल या क्षणी माझ्यासमोर आहे आणि पुढे जे लिहितो आहे, ते तिच्या आधाराने लिहितो आहे.

निर्बंध नको होते, असे माझे म्हणणे मुळीच नाही. दुसऱ्या लाटेत मिरजेत एक खाट मिळावी म्हणून रात्र रात्र फोन लावणारी घरे मी पाहिली आहेत. त्याआधी, २३ मार्च २०२० रोजी इस्लामपुरात पहिले चार रुग्ण सापडले, काही दिवसांत त्याच कुटुंबाशी संबंधित रुग्णांची संख्या पंचविशीच्या घरात गेली आणि साऱ्या राज्याचे डोळे आपल्या जिल्ह्याकडे लागले. तेव्हा ठरावीक परिसर बंद करून, घरोघर तपासणी करून ती साखळी तोडली गेली. तो कडकपणा लोकांनी मानला, कारण कुठून कुठपर्यंत बंद आहे आणि का बंद आहे, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

पुढे नेमके हेच हरवले. आदेश निघण्याची वेळ आणि तो अमलात येण्याची वेळ यांच्यात माणसाला श्वास घेण्याइतकेही अंतर राहिले नाही. २० एप्रिल २०२१ चा दिवस घ्या. किराणा, भाजीपाला, दूध यांची दुकाने सकाळी सात ते अकरा एवढाच वेळ उघडी ठेवावीत, असा आदेश राज्याने त्या दिवशी काढला आणि तो त्याच रात्री आठ वाजल्यापासून लागू केला. आमच्या समितीच्या ग्रुपवर त्याची इंग्रजी पीडीएफ आली ती मध्यरात्रीनंतर. मी ती सकाळी उशिरा उघडली.

आमच्या एसटी थांब्याजवळ एक मावशी भाजी विकायला बसतात. घरचे शेण-पाणी, धारा उरकून त्या यायच्या त्या दहाच्या सुमाराला. त्या दिवशीही आदल्या संध्याकाळी उपटलेल्या मेथीच्या आणि कोथिंबिरीच्या पेंड्या ओल्या पोत्यात गुंडाळून त्या आल्या, पोते पसरून बसल्या आणि अकराला पोलिसांची गाडी आली. मावशींनी समोरच्या फळ्याकडे बोट दाखवले आणि म्हणाल्या, "मास्तरांनी तर हे लिहिलंय की." फळ्यावर माझ्याच अक्षरात जुनी वेळ होती. शिपायाने फळा वाचला, हातातला मोबाइल पाहिला आणि मावशींना पोते आवरायला सांगितले. त्याचा तरी काय दोष? त्यालाही नवी वेळ सकाळीच कळली होती. दहा पेंड्यासुद्धा विकल्या गेल्या नव्हत्या. उरलेली मेथी दुपारपर्यंत पिवळी पडली आणि संध्याकाळी म्हशींपुढे गेली. नुकसान दोन-तीनशे रुपयांचेच असेल, पण ज्या घराचा रोजचा बाजार त्या पैशांतून होतो, त्या घराला ते किती मोठे असते हे मी सांगायला नको. त्यानंतर दुसऱ्याच दिवशी, २२ एप्रिलच्या रात्री आठपासून, लग्नासाठी पंचवीस माणसे, दोन तास आणि नियम मोडल्यास पन्नास हजार रुपये दंड असा आदेश लागू झाला, तेव्हा ज्यांच्या घरी मांडव घातला होता त्यांची काय धावपळ झाली, ते वाचकांनी आपापल्या गावी पाहिले असेलच.

यापेक्षाही मनाला लागून राहिलेली गोष्ट आधीच्या वर्षाची आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव या भागातले गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर विखुरलेले आहेत. मे २०२० मध्ये परराज्यात अडकलेल्यांना गावी येण्याची मुभा मिळाली, तेव्हा आमच्याही गावात तमिळनाडूतून एक कुटुंब आले. त्यांच्याबरोबर दीड वर्षाचे मूल होते. आम्ही त्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत, मी जिथे वर्षानुवर्षे शिकवले त्याच खोलीत, चौदा दिवस ठेवले. पत्र्याचे छप्पर, मे महिन्याचे ऊन आणि खोलीत एकच पंखा. लक्षणे नसतील तर घरी विलगीकरण चालेल, अशी सूचना मधल्या काळात आली होती, पण ती आमच्या हाती पडली तेव्हा त्यांचा बारावा दिवस होता. त्या मुलाच्या अंगावर उठलेले घामोळे मला आजही आठवते. वरून आदेश नीट न आल्यामुळे गावांनीही मनाने नियम केले, वेशीवर काट्या टाकून रस्ते अडवले, द्राक्षाच्या ऐन हंगामात शेजारच्या गावातून येणाऱ्या मजूर बायकांना परत पाठवले. शेतमालाला आणि शेतीच्या कामाला सूट होती. ती कागदावर होती, वेशीवर पोचली नव्हती. घड वेलीवर राहिले आणि अनेकांना हाती लागेल त्या माणसांनिशी बेदाणा करावा लागला. त्या काट्या टाकणाऱ्यांना अडवायला हवे होते, ते मी अडवले नाही, हेही इथे लिहिले पाहिजे.

असे होणे अटळ होते का? माझ्या फाईलमध्येच याचे उत्तर आहे. ४ जून २०२१ च्या आदेशाने राज्यात पाच स्तर ठरवले. तपासणी केलेल्यांत बाधितांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत आणि प्राणवायूच्या खाटा पंचवीस टक्क्यांच्या आत भरलेल्या असतील तर पहिला स्तर. प्रमाण वीस टक्क्यांच्या वर किंवा खाटा पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त भरलेल्या असतील तर पाचवा. आकडे गुरुवारी जाहीर व्हायचे आणि स्तर बदलायचा तो सोमवारपासून. दोन वर्षांत मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली तरतूद हीच. कारण सांगितलेले, मोजमाप उघड आणि मध्ये तीन दिवस हातात. त्या काळात पोलीस पाटलांनी गुरुवारी संध्याकाळी विचारायचे आणि मी शुक्रवारी सकाळी फळा पुसून नवा लिहायचा, अशी घडीच बसली होती. तीन दिवसांची मुदत देता येते, हे सरकारनेच दाखवून दिले आहे.

त्या पद्धतीत एक उणीव मात्र होती. ठरावीक मोठ्या महापालिका सोडल्या तर अख्खा जिल्हा एकच घटक धरला गेला. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका त्या मोठ्यांत नव्हती. त्यामुळे शहरातल्या गर्दीच्या पेठा आणि जत तालुक्याच्या पूर्व भागातल्या एकेका घराच्या वस्त्या एकाच मापाने मोजल्या गेल्या. पुढे २ ऑगस्ट २०२१ रोजी राज्याने बहुतेक जिल्ह्यांना सवलती दिल्या आणि ज्या अकरा जिल्ह्यांत निर्बंध कायम ठेवले त्यांत सांगली, सातारा, कोल्हापूर राहिले. त्याच्या आठवडाभर आधी कृष्णेचा पूर ओसरू लागला होता. सांगलीच्या बाजारपेठेत व्यापारी चिखल उपसत होते आणि चारच्या ठोक्याला शटर ओढत होते. पूरग्रस्त भागासाठी वेगळा विचार करण्याचा अधिकार स्थानिक पातळीवर असता, तर साथीला कसलाच फायदा न देता त्यांचा ताप कमी करता आला असता.

माझी मागणी मोठी नाही. साथ असो वा पूर, लोकांच्या रोजच्या व्यवहारावर बंधन आणणारा कोणताही आदेश, जीव वाचवण्यासाठी तत्काळ काही करणे भाग नसेल तर, किमान अठ्ठेचाळीस तास आधी ग्रामपंचायतीत आणि प्रभाग कार्यालयात पोचला पाहिजे. तो मराठीत असला पाहिजे; महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ सालचा आहे, त्याची आठवण करून द्यावी लागू नये. आदेशाच्या पहिल्याच पानावर काल काय होते आणि उद्यापासून काय बदलते, एवढे चार ओळींत लिहिलेले असावे, म्हणजे फळ्यावर उतरवणाऱ्याची चूक होणार नाही. आणि तालुक्याची स्थिती पाहून सवलत किंवा कडकपणा सुचवण्याचा अधिकार तालुका पातळीवर द्यावा, त्या सूचनेला ठरावीक दिवसांत उत्तर मिळावे.

दर वर्षी १ मे रोजी महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा असते. साथीत बराच काळ ग्रामसभा भरल्याच नाहीत, म्हणजे ज्यांच्यावर हे आदेश चालले त्यांना बोलायला जागाच नव्हती. साथीच्या काळातील आदेशांचा गावाला आलेला अनुभव हा विषय त्या सभेच्या अजेंड्यावर घेण्याची सूचना जिल्हा प्रशासनाने सर्व ग्रामपंचायतींना द्यावी आणि आलेल्या नोंदी एकत्र करून प्रसिद्ध कराव्यात, अशी माझी विनंती आहे. आमच्या गावापुरता तो विषय घ्यावा म्हणून मी ग्रामसेवकांकडे लेखी अर्ज दिला आहे आणि फाईलची एक झेरॉक्स प्रत त्याला जोडली आहे.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
ता. तासगाव, जि. सांगली