माल स्वच्छ आहे ना?

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
मंगळवार, रात्री

चि. सिद्धाराम यास अप्पांचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "हो अप्पा, कळलं अप्पा" म्हणतोस आणि विषय तिथंच मिटतो. शनिवारी पुण्याहून येशील तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं असेल, दोन शब्द निवांत बोलणं व्हायचं नाही. तू शिकायला ऑस्ट्रेलियाला निघालायस, तिथं काय न्यायचं आणि काय नाही ते नीट सांगायचंय, म्हणून पत्र लिहितोय. बॅग भरायला घेण्याआधी सगळं वाच.

तुझ्या आईने आजच पलंगावर सामान मांडून ठेवलंय. चादर, दोन टॉवेल, लोणच्याची बरणी, जिरे-धन्याच्या पुड्या, दोन किलो तूरडाळ, निवडलेले कच्चे शेंगदाणे, सुक्या लाल मिरच्या, कढीपत्ता, पेढ्यांचा डबा. आणि सगळ्यात वर स्टीलच्या डब्यात शेंगाचटणी. काल दुपारभर उखळीपाशी बसून तिने कुटली. दाण्याचं तेल सुटून चटणी मुठीत वळेपर्यंत तिचा हात थांबला नाही. संध्याकाळी तिला भाकरीचं पीठ मळवत नव्हतं, इतकं मनगट दुखत होतं.

यातलं बरंचसं तुला नेता येणार नाही. हे मला तिला सांगावं लागलं. का नेता येणार नाही ते तुलाही नीट सांगतो, कारण नुसता नियम सांगितला की माणूस पळवाट शोधतो.

खापरा भुंगा तुला माहीत आहे. लहानपणी मार्केट यार्डात माझ्याबरोबर यायचास, तेव्हा पोत्याच्या शिवणीतून केसाळ तपकिरी अळ्या काढून मी तुला दाखवल्या होत्या. किडा स्वतः दोन-तीन मिलिमीटरचा, तिळाएवढा. खरी खादाड त्याची अळी. ती भिंतीच्या भेगेत, पोत्याच्या शिवणीत, लाकडाच्या फटीत जाऊन बसते आणि खायला दाणा नसला तरी वर्षानुवर्षं तग धरते. आपण गोडाऊन झाडतो, धुतो, ताडपत्री टाकून गोळ्या ठेवतो, तरी पुढच्या हंगामात ती परत दिसते. हा आपल्याकडचा किडा. इंग्रजीतसुद्धा त्याला खापराच म्हणतात, आपलाच शब्द घेतलाय त्यांनी. ऑस्ट्रेलियात त्याने अजून बस्तान बसवलेलं नाही आणि बसू नये म्हणून ते लोक जिवाचं रान करतात. 2020 मध्ये कॅनबेऱ्यात परदेशातून आलेल्या एका फ्रीजच्या पॅकिंगमध्ये तो सापडला, तर केवढी धावपळ झाली. त्याच वर्षीपासून प्रवाशांच्या सामानातून तांदूळ, हरभरा, तूर, मूग, मसूर, जिरे, धने, बडीशेप, कच्चे शेंगदाणे, सुक्या मिरच्या आणायला तिथं बंदी आहे. कारखान्यात भाजून किंवा तळून पॅक केलेल्या मालाला थोडी सवलत आहे. आईच्या उखळीतल्या चटणीवर ना लेबल, ना तारीख. ती घेऊन तिथल्या अधिकाऱ्यापुढे उभं राहू नकोस.

दुधाच्या पदार्थांचं कारण वेगळं, पण तितकंच खरं. तुझ्या काकांच्या गोठ्यात लाळ्या खुरकूत आली होती ते तुला आठवत असेल. पंढरपुरी म्हैस, दोन वेळचं भरपूर दूध देणारी, तिच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या आणि खूर दुखत असल्याने ती उभी राहत नव्हती. ऑस्ट्रेलियात हा रोग 1872 नंतर आलेला नाही. त्यांचा दुधाचा, मांसाचा, लोकरीचा सगळा व्यापार त्यावर उभा आहे. म्हणून पेढे, बर्फी, खव्याचं काहीही नाही. मांस, ताजी फळं, भाज्या, कढीपत्त्याची डहाळी, पेरायचं बी, हेही नाही. आजीने तुळशीची पानं आणि गावच्या शेतातली चिमूटभर माती पुडीत बांधायला सांगितली होती. तिला मी समजावलं. मातीला तर मुळीच हात लावू नकोस.

चादर आणि टॉवेल खुशाल ने. जुलैत मेलबर्नला थंडी असते, चादर लागेलच. बंद पाकिटातला मसाला न्यायचा असेल तर कंपनीचा, सीलबंद, इंग्रजीत घटक छापलेला. पाकीट फोडून डब्यात ओतू नकोस. कुठला पदार्थ चालतो आणि कुठला नाही ते त्यांच्या सरकारच्या बायकॉन या संकेतस्थळावर एकेक नाव टाकून बघता येतं. शनिवारी आईच्या शेजारी बसून बघ, म्हणजे तिलाही कळेल की अप्पा उगाच नाही म्हणत नव्हते. डाळ-जिरे तिकडेच विकत घे. डँडेनाँग भागात भारतीय दुकानं आहेत.

आता कार्डाचं सांगतो. सगळं पत्र त्याच्यासाठीच आहे.

विमान उतरायच्या आधी एक कार्ड भरायला देतात. काही ठिकाणी आता ते फोनवरही भरता येतं. त्यात प्रश्न असतात आणि प्रत्येकापुढे हो आणि नाही असे दोन चौकोन. औषधं आहेत का? दहा हजार ऑस्ट्रेलियन डॉलर किंवा त्याहून जास्त रोख आहे का? खाण्याचं काही आहे का? धान्य, बिया, लाकडी वस्तू, औषधी वनस्पती आहेत का? माती लागलेली वस्तू आहे का? गेल्या तीस दिवसांत शेतावर किंवा जनावरांजवळ गेला होतास का? खाली तुझी सही.

तू रविवारी काकांकडे शेतावर पाया पडायला जाणार आहेस. म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर "हो". बूट घासून धू, तळव्याच्या खाचांतली काळी माती जुन्या दात घासायच्या ब्रशने काढ. शक्यतो शेतावर जुन्या चपलाच घाल. तरीही उत्तर "हो"च. आजीने गळ्यात घातलेली रुद्राक्षाची माळ म्हणजे झाडाचं बीच, तीही "हो". सर्दीसाठीचा काढा, त्रिफळा, "हो". शंका आली की "हो".

"हो" म्हटलं तर काय होतं? बॅग उघडायला लावतात, बघतात, चालत असेल तर देतात, नसेल तर काढून घेतात. खरं सांगितलं असेल तर वस्तू जाते, पण दंड होत नाही. लपवलं आणि सापडलं तर हजारो डॉलरचा दंड आणि विद्यार्थ्याचा व्हिसासुद्धा रद्द होऊ शकतो. तिथं वास घेणारी कुत्री फिरतात. एखादं बॅगेजवळ येऊन बसलं तर घाबरू नकोस, त्याला हात लावू नकोस, अधिकारी येईपर्यंत थांब. विमानात दिलेलं सफरचंद किंवा सँडविच पिशवीत घालून बाहेर नेऊ नकोस. जे खायचं ते विमानातच खा, उरलेलं तिथंच सोड.

आता जे कधी सांगितलं नाही ते सांगतो. तुझा जन्म व्हायचा होता. मी आडतीत नवा होतो, स्वतःचं गोडाऊन नव्हतं, दुसऱ्या एका व्यापाऱ्याबरोबर भाड्याच्या जागेत माल ठेवायचो. एकदा हरभऱ्याची चाळीस पोती आली. उतरवताना मी एका पोत्याच्या शिवणीत बोट घातलं, तर अळ्यांनी टाकलेल्या कातीचा भुसा आणि दोन केसाळ अळ्या हाताला लागल्या. थप्पी लावायच्या आधी गोडाऊनच्या म्हाताऱ्या मुनीमजींनी नेहमीसारखं विचारलं, "माल स्वच्छ आहे ना?" मी "हो" म्हणालो. पोती परत पाठवायला भाडं नव्हतं आणि दुसरीकडे ठेवायला जागा नव्हती.

दोन महिन्यांनी त्या व्यापाऱ्याच्या ज्वारीत अळी शिरली. मालदांडी होती, मोत्यासारखी. लग्नसराईसाठी धरून ठेवली होती त्याने. मी नुकसान भरून दिलं, तुझ्या आईच्या पाटल्या मोडून. त्याने पैसे घेतले, एक वाईट शब्द बोलला नाही. फक्त त्यानंतर मुनीमजी माझं प्रत्येक पोतं स्वतः उघडून बघू लागले. बाकी कुणाचं बघत नसत. चार वर्षं बघत राहिले, ते गावाला निघून जाईपर्यंत.

त्या कार्डावर तुला हाच प्रश्न विचारणार आहेत. मी तेव्हा जे केलं ते तू करू नकोस, सिद्धू.

आणि दुसऱ्याचं पार्सल घ्यायचं नाही. आपल्या गल्लीतल्या काकू भाच्यासाठी पुडकं देणार म्हणून दोनदा येऊन गेल्या. मी हात जोडून नाही म्हटलं, त्या रागावल्या. रागावू देत. बॅग तुझी, कुलूप तुझं, सही तुझी. आत काय आहे ते शेवटच्या मोज्यापर्यंत तुला ठाऊक पाहिजे. म्हणून बॅग तू भर, आई नाही. तिला शेजारी बसू दे, घड्या घालू दे, पण आत ठेवणारा हात तुझा.

कागदांचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी सांगतो. पासपोर्ट, विद्यापीठाचं प्रवेशपत्र, आरोग्य विम्याचं पत्र, व्हिसा मंजूर झाल्याचं पत्र, राहण्याचा पत्ता, हे सगळं हातातल्या बॅगेत, छापलेलं. मोठ्या बॅगेत एक झेरॉक्सचा संच. त्यांचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवत नाहीत, संगणकात असतो, म्हणून मुंबईला काउंटरवर कागद विचारला तर लगेच काढता आला पाहिजे. तुझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर नावाच्या स्पेलिंगमध्ये एक 'एच' कमी आहे, पासपोर्टवर बरोबर आहे. तिकीट पासपोर्टप्रमाणेच आहे ना, ते अक्षर अक्षर लावून बघ. दम्याच्या पंपाबरोबर डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी ठेव, पंप मूळ खोक्यात, तीन महिन्यांपेक्षा जास्त नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. सिंगापूरला विमान बदलताना बॅगा थेट मेलबर्नपर्यंत लावल्या आहेत का, ते मुंबईलाच विचारून घे आणि टॅगवर वाच.

एक तुझी सवय मला माहीत आहे. दुसरीत असताना बाईंनी सांगितलेलं ऐकू आलं नाही तरी तू मान हलवायचास. घरी येऊन रडायचास, कारण गृहपाठ भलताच केलेला असायचा. इमिग्रेशनच्या काउंटरवर तसं करायचं नाही. त्यांचे उच्चार वेगळे, तू वीस तासांचा जागा, काचेपलीकडचा माणूस घाईत. समजलं नाही तर "कृपया परत सांगा" म्हण. दोनदा म्हण. यात कमीपणा नाही. अंदाजाने "यस" म्हणालास तर ते तुझं उत्तर म्हणून नोंदलं जाईल. काय शिकणार, कुठे राहणार, खर्च कोण करतं, एवढंच बहुधा विचारतील. कर्ज बँकेचं आणि बाकीचे पैसे अप्पांचे, असं सरळ सांग. कामाबद्दल विचारलं तर वर्ग चालू असताना पंधरवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा आहे ते तुला ठाऊक आहे. तीही मोडायची नाही, मित्र काहीही म्हणोत.

मी कधी विमानात बसलो नाही. हे सगळं मी महिनाभर वाचून, तुझ्या मित्राच्या वडिलांना विचारून, वहीत लिहून काढलंय. कुठे नियम बदलला असेल तर तू बघून घे, पण वहीचं शेवटचं पान बदलायचं नाही. त्यावर मी फक्त "विचारलं की सांगायचं" एवढंच लिहिलंय.

चटणीचं आईशी बोललो. ती आधी गप्प झाली, मग डब्याचं झाकण घट्ट लावून म्हणाली, "मग गाडीत खाईल." तर असं ठरलंय. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने आपण तिघं निघू. आई कडक भाकरी, दही आणि हा डबा घेईल. कुर्डुवाडी सोडली की जेवू. सकाळी दादरला उतरायच्या आधी डबा रिकामा झाला पाहिजे असं तिने मला बजावलंय, आणि तो धुऊन तीच परत घरी आणणार आहे.

शनिवारी गाडी किती वाजता पोहोचते ते कळव. स्टेशनवर येतो.

तुझे
अप्पा