सईच्या भूमितीबद्दल

पुणे, 11 जानेवारी

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

बाबा, डोळ्यांचे थेंब संपत आले असतील तर आत्ताच मागवून ठेवा. आई, गुडघ्याला शेक देणं सोडू नकोस. बाकी सगळं फोनवर बोलतोच. हे मात्र मुद्दाम लिहून पाठवतेय, कारण फोनवर बोलताना सई शेजारीच असते.

आई, त्या दिवशी तू तिला म्हणालीस, "आपल्या घरात गणित कुणाला जमलंय? तू नको जिवाला लावून घेऊ." तू मायेनंच बोललीस, पण पोर त्या रात्री नीट जेवली नाही. आता तिला असं म्हणू नकोस गं. तिचं काय काय झालं ते तुम्हाला सविस्तर कळावं, म्हणून हे पत्र.

नववीपर्यंत तिचं बरं चाललं होतं. दहावीत गणिताचा भाग 2, म्हणजे भूमिती, हातात आला आणि समरूपतेच्या पहिल्याच प्रकरणात घोडं अडलं. तिनं प्रमेयं तोंडपाठ केली: पक्ष, साध्य, सिद्धता, सगळं आकृतीसकट. चाचणीत तेच प्रमेय आलं, पण त्रिकोण उलटा काढलेला आणि अक्षरं बदललेली. ती नुसती बघत बसली. 20 पैकी 6 पडले. वर्गात सगळ्यांसमोर "तुला झेपणार नाही" असंही ऐकून आली. मला आजही त्याचा राग येतो. पंधरा वर्षांच्या मुलीला असं कुणी बोलतं का?

मग रात्री जेवणं झाली की आम्ही दोघी पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर बसू लागलो. प्रत्येक ओळीला मी एकच विचारायचे, "हे कशावरून?" सुरुवातीला ती चिडायची, रडायचीसुद्धा. एकदा तिनं आपणहून रंगीत पेन्सिली काढल्या. दोन त्रिकोणांतल्या एकरूप कोनांना एकच रंग दिला आणि त्या रंगांच्या क्रमानं शिरोबिंदू लिहिले. एबीसीसमोर पीक्यूआर नाही, क्यूपीआर आलं. गुणोत्तरं धडाधड बरोबर सुटली. तोपर्यंत ती अक्षरं नुसती वर्णानुक्रमानं लावत होती! आता ती पायरीसमोर कारण लिहिल्याशिवाय पुढे जात नाही. व्युत्क्रम कोन म्हटलं की कोणत्या समांतर रेषा आणि कोणती छेदिका, हे आधी दाखवते.

त्रिकोणमितीचा तक्ताही ती घोकत नाही. प्रत्येक बाजू 2 असलेला समभुज त्रिकोण काढते, वरून लंब टाकते. अर्ध्या त्रिकोणाचा पाया 1, कर्ण 2, आणि पायथागोरसनं उंची वर्गमूळ 3. 30 आणि 60 अंशांची सगळी गुणोत्तरं त्या एका आकृतीतून निघतात. परीक्षेत काही आठवलं नाही तरी हे कोपऱ्यात काढता येतं, याचा तिला केवढा धीर आलाय.

मागच्या महिन्यात तिनं कोनमापकाला शीतपेयाची नळी चिकटवली, दोऱ्याला नट बांधून लोंबता सोडला आणि समोरच्या इमारतीची उंची मोजली. उन्नत कोन, म्हणजे वर बघतानाचा कोन, 45 अंश येईपर्यंत मागे मागे सरकत गेली. अंतर भरलं 16 मीटर. उत्तर लिहून झाल्यावर स्वतःच थबकली, "आई, कोन तर माझ्या डोळ्यांपासून मोजलाय." मग दीड मीटर मिळवून साडेसतरा केले. मी काहीही सांगितलं नव्हतं.

त्रिकोणमितीतल्या नित्यसमानतांची, म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच आहेत हे दाखवायची, उदाहरणं अजून अडतात. डावी बाजू सोडवता सोडवता मध्येच वाट चुकते. बोर्डाच्या 40 गुणांपैकी किती पडतील ते मी सांगू शकत नाही, आणि तुम्हीही तिला विचारू नका. विचारायचंच असेल तर "आज काय सोडवलंस?" असं विचारा. आनंदानं अर्धा तास सांगत बसेल.

बाबा, तुमच्याकडे एक काम आहे. त्रिकोणांनी भारताची मोजणी सुरू करणारा इंग्रज अधिकारी विल्यम लॅम्बटन आपल्या हिंगणघाटात वारला, हे मी तिला सांगितल्यापासून तिनं माझा पिच्छा पुरवलाय. त्यानं 1802 मध्ये मद्रासजवळ सुमारे 12 किलोमीटरची रेषा साखळीनं मोजली. तिथून पुढे डोंगरांवरून, गोपुरांवरून कोन मोजत त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो वर सरकत गेला. बहुतेक बाजू जमिनीवर न मोजता नुसत्या कोनांवरून काढलेल्या. 1823 मध्ये काम अर्धवट टाकून तो गेला, पण मोहीम चालू राहिली. त्या मोहिमेतूनच पुढे तिथले गणिती राधानाथ सिकदार यांनी एव्हरेस्टची उंची गणितानं काढली, शिखरावर कुणी पाऊल ठेवायच्या शंभर वर्षं आधी. हे ऐकून सईनं विचारलं, "म्हणजे माझ्याच पुस्तकातलं गणित?" बरंचसं तेच, म्हटलं.

तर परीक्षा संपली की ती तुमच्याकडे येतेय. लॅम्बटनच्या कबरीपर्यंत आता कसं जायचं ते विचारून ठेवा. ऊन चढायच्या आत, सकाळीच न्या तिला. तुम्हाला तेवढं चालवणार नसेल तर रिक्षा करा, पण तुम्ही सोबत जा. ती तुम्हाला त्रिकोण काढून दाखवणार आहे, तेव्हा चष्मा विसरू नका.

तुमची,
वंदना