देवबागला बंधारा हवाच, पण पुळणही परत हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा जवळ आला की मालवण तालुक्यातल्या आमच्या देवबागच्या समुद्राकडच्या दगडी बंधाऱ्याच्या बातम्या सुरू होतात, एवढे मीटर मंजूर, एवढा निधी, अमुक वाडीला दिलासा. बंधारा नको असं माझं अजिबात म्हणणं नाही, घराच्या पडवीपर्यंत लाट येत असताना दगड टाकायला नको म्हणणार कोण? पण नुसत्या दगडाने हा गाव वाचणार नाही, हे कोणीतरी स्पष्ट लिहायला हवं म्हणून हे पत्र.

ज्यांनी देवबाग फक्त स्कुबा आणि पॅरासेलिंगपुरतं बघितलंय त्यांच्यासाठी सांगतो, हा गाव म्हणजे वाळूची एक लांबट पट्टी आहे, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्ली नदी, दक्षिणेच्या टोकाला संगम आणि पलीकडे भोगवे. डोंगर नाही, कातळ नाही, मागे सरकायला जागाच नाही, कारण मागे नदी आहे. विहिरीला जे गोडं पाणी लागतं ते पण या वाळूत मुरलेल्या पावसाचं, त्याच्याखाली खारंच. एक मोठी लाट आत शिरली की विहीर मचूळ होते आणि माडाच्या बागेचं काय होतं ते बागायतदारालाच विचारा.

ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार वादळ आपल्या जमिनीवर आलंच नाही, बाहेरच्या बाहेर ओमानच्या दिशेने गेलं, तरी इथे घरात पाणी आलं. त्या एका वर्षात अरबी समुद्रात ५ चक्रीवादळं झाली. मग मे २०२१ ला तौक्ते, ते पण किनाऱ्याला लागलं गुजरातेत उनाजवळ, पण मालवण तालुक्यात विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक दिवस लाईट नव्हती. म्हणजे वादळ आपल्याला थेट धडकायलाच हवं असं नाही, बाजूने गेलं तरी आपलं नुकसान ठरलेलं.

आता बंधाऱ्याचं बघा. पावसाळ्यात लाटा पुळणीची, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूच्या पट्ट्याची, वाळू ओढून समुद्रात नेतात, तिथे पाण्याखाली तिचा बांध तयार होतो, लाट त्याच्यावरच फुटते आणि तिचा जोर कमी होतो. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत व्हायला लागला की तीच वाळू हळूहळू परत किनाऱ्याला लागते, हे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्या कुठल्याही म्हाताऱ्याला पाठ आहे. उभा दगडी बंधारा घातला की लाट दगडावर आपटून मागे फिरते आणि बंधाऱ्याच्या पायाची वाळू उकरून नेते. चार पावसाळ्यांत दगड खाली बसतात, मग त्याच्यावर परत दगड, परत टेंडर. आणि बंधारा जिथे संपतो ते टोक एकदा जाऊन बघा, तिथे लाट वळून आत घुसते, माडांची मुळं उघडी पडून लोंबत असतात, आणि ज्याची बाग त्या टोकाला आहे तो दरवर्षी अर्ज घेऊन फिरत असतो. होड्या ओढून ठेवायला जागा राहिली नाही ते वेगळंच.

केरळात कोचीजवळ चेल्लानम म्हणून गाव आहे, आपल्यासारखीच पट्टी, एका बाजूला समुद्र आणि दुसरीकडे बॅकवॉटर, त्यांना पण तौक्तेने झोडपलं होतं. तिथे ३४४ कोटींच्या योजनेतून सुमारे ७ किलोमीटर टेट्रापॉडचा (चार पायांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचा) बंधारा झाला, लोकांना खरंच दिलासा मिळाला, ते मान्य करायलाच हवं. पण बंधारा संपतो त्याच्या उत्तरेला कन्नमालीत समुद्र जास्तच घुसायला लागला आणि तिथले लोक रस्त्यावर उतरले. तुकड्या तुकड्याने काम केलं की त्रास फक्त शेजारच्या वाडीत सरकतो.

उलट पुद्दुचेरीत बघा, बंदर झाल्यावर वाळू अडली, बीच गेला, वर्षानुवर्षं दगड टाकून झाले. शेवटी चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने पाण्याखाली पोलादी अडथळा बसवला, वाळू पण टाकली, आणि बीच परत दिसायला लागला. देवबागला तेच जसंच्या तसं चालेल असं मी म्हणत नाही, आमच्याकडे संगमाचं तोंड सारखं सरकतं, नदीचा जोर वेगळा. पण आधी लाट पाण्यातच मोडायची आणि पुळण टिकवायची, हा विचार तरी करा.

आणि काही गोष्टी आपल्याच हातातल्या आहेत. पुळणीवरची मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा उपटून ‘सी व्ह्यू’ साठी जागा सपाट करणं आधी थांबवा, वाऱ्याची वाळू अडवून टेकाड उभं करतात ती हीच झाडं. २०१९ च्या सीआरझेड (किनारी भागातल्या बांधकामांवर निर्बंध घालणाऱ्या) अधिसूचनेत वाळूच्या टेकड्यांना सगळ्यात कडक संरक्षण आहे पण कागदावर. नुसती सुरूची झाडं लावून फोटो काढणं पण पुरे, सुरूखाली दुसरं फारसं काही उगवत नाही आणि मोठ्या वादळात ती पण आडवी होतात. कर्लीच्या पात्रातून रात्री जी वाळू उपसली जाते ती खरं तर आमच्या किनाऱ्याची आहे, ती बांधकामावर जाते आणि आम्ही बाहेरून दगड आणतो. संगमात गाळ काढायचाच असेल तर ती वाळू ट्रकात न भरता देवबागच्या पुळणीवर टाका.

१५ व्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी धूप रोखायला १,५०० कोटी आणि धुपीमुळे विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनाला १,००० कोटी सुचवले होते, त्यातलं सिंधुदुर्गाच्या वाट्याला काय आलं ते सरकारने जाहीर करावं. आणि पुढचा दगड पडायच्या आधी खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राकडून तारकर्लीपासून संगमापर्यंत समुद्र आणि नदी दोन्ही बाजूंचा एकत्र अभ्यास करून घ्यावा, आणि तो अहवाल मराठीत आमच्या ग्रामसभेत वाचून दाखवावा. आम्ही प्रश्न विचारू, त्यांची उत्तरं मिळू देत, मग काम सुरू करा.

– एक ग्रामस्थ, देवबाग, ता. मालवण