वजन उतरल्यावर कार्यक्रम गुंडाळू नका

संपादक महोदय,

लठ्ठपणावरील उपचारांची चर्चा हल्ली नव्या इंजेक्शनांभोवतीच फिरते आणि प्रौढांच्या आहार, हालचाल व सवयींवर पद्धतशीर काम करणारे वर्तनाधारित कार्यक्रम ‘कमी खा, जास्त चाला’ एवढ्यावर निकालात काढले जातात. प्रत्यक्षात चांगल्या कार्यक्रमात उपदेश फार कमी असतो. सहभागी व्यक्ती काय खाल्ले याबरोबरच केव्हा, कुठे आणि भूक किती होती हेही रोज लिहिते. ‘संध्याकाळी सात, टीव्हीसमोर, चार बिस्किटे, भूक नव्हती’ अशी नोंद वारंवार दिसू लागली, की समुपदेशक बिस्किटांवर बंदी घालत बसत नाही. सातच्या सुमारास दुसरे काय करता येईल, हे दोघे मिळून ठरवतात. (सुट्टीच्या दिवसाची पाने बहुधा कोरीच असतात, आणि त्यांवरूनही बरेच कळते.)

या पद्धतीला भक्कम आधार आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या, वजन जास्त असलेल्या प्रौढांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटापुढे ७ टक्के वजन घटवणे व आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम एवढेच उद्दिष्ट होते. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, तर मेटफॉर्मिन हे मधुमेहावरील औषध घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. मात्र हा काही चमत्कार नव्हे. मधुमेही प्रौढांवरील ‘लुक अहेड’ चाचणीत पहिल्या वर्षी सरासरी ८.६ टक्के वजन उतरले, आठव्या वर्षी सुरुवातीच्या वजनापेक्षा सरासरी ४.७ टक्क्यांचीच घट टिकून होती, आणि हृदयविकाराचे झटके कमी झाल्याचे दिसले नाही.

वजन पुन्हा वाढले की दोष त्या व्यक्तीच्या मनोनिग्रहाला दिला जातो, तो मला अन्यायाचा वाटतो. वजन उतरल्यावर भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते, तृप्तीचा संदेश देणारे लेप्टिन हे संप्रेरक घटते आणि शरीराचा ऊर्जाखर्चही कमी होतो. म्हणजे मदतीची गरज वाढते नेमकी त्याच वेळी, जेव्हा बहुतेक कार्यक्रम ‘आधी आणि नंतर’ची छायाचित्रे काढून निरोप देतात. अमेरिकेतील २०१३ च्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांत पहिल्या सहा महिन्यांत किमान १४ सत्रे आणि त्यानंतर वर्षभर किंवा अधिक काळ, निदान महिन्यातून एकदा संपर्क सुचवलेला आहे. यातला दुसरा भाग सोयीस्करपणे विसरला जातो, कारण जाहिरातीत तो शोभून दिसत नाही.

म्हणूनच असे कार्यक्रम चालवणाऱ्यांनी बारा आठवड्यांनंतरचे नव्हे, तर दोन वर्षांनंतरचे वजन जाहीर करावे, आणि त्यात मध्येच सोडून गेलेल्यांचाही हिशेब असावा. विमा कंपन्यांनी व मालकवर्गानेही सगळे पैसे पहिल्या तिमाहीत न संपवता त्यातला काही वाटा पुढच्या मासिक भेटींसाठी राखून ठेवावा.

आपला विश्वासू,
एक आहारतज्ज्ञ