वादळ धडकण्याआधी सवलतीचा आदेश काढा

मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकले आणि विजेचे हजारो खांब आडवे झाले. नवे खांब, तारा, पत्रे, पिण्याचे पाणी कोकणात येते ते मुख्यतः ट्रकने, तेही घाट उतरून. या गाड्यांना कोणत्या नियमांतून किती दिवस सूट, याचा आदेश आधीच तयार ठेवावा आणि हवामान खात्याचा ४८ तासांचा इशारा येताच लागू करावा, एवढीच आमची मागणी आहे.

अमेरिकेत राज्यपालाने आणीबाणी जाहीर केली की मदतीचा माल नेणाऱ्या चालकांना ११ तासच गाडी चालवण्याच्या मर्यादेतून आपोआप सूट मिळते. पूर्वी ती ३० दिवस असे, डिसेंबर २०२३ पासून १४ दिवस. परवाना, विमा, मद्य-अमली पदार्थांची चाचणी यांत सूट नाही. मदतीचा माल नावापुरता थोडा आणि बाकी नेहमीचा धंद्याचा, असे केले तर सूट लागू होत नाही. हा साचा घ्यावा, मजकूर मात्र आपला हवा. तिथे कॅबमधले यंत्र तास मोजते. आपल्याकडे चालकाच्या कामाचे आठ तास कोण मोजतो, हे आपणही जाणता. आपली गाडी अडते ती लांबीवर आणि कागदावर.

नऊ मीटरचा खांब म्हणजे साडेएकोणतीस फूट. बावीस फुटी हौद्यातून तो साडेसात फूट मागे येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४(१अ) प्रमाणे दंड २० हजार, शिवाय माल उतरवण्याचा खर्च. त्याच कलमाच्या परंतुकात सक्षम अधिकाऱ्याने दिलेली सूट मान्य आहे, पण आरटीओच्या वायुवेग (फिरत्या तपासणी) पथकासमोर दाखवायला कागद लागतो. आदेशात अटीही घाला: टोकाला दिवसा लाल कापड, रात्री लाल दिवा, दोन ठिकाणी साखळीने आवळणी, घाटात पुढेमागे सोबतीला एकेक गाडी. वळणावर खांबाचे टोक बाहेर झुलते आणि समोरून येणाऱ्याला ते दिसत नाही.

दुसरे, ई-वे बिल, म्हणजे मालासोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद. त्याची मुदत अंतरावर ठरते. साध्या मालाला एका दिवसाच्या मुदतीत २०० किलोमीटर मिळतात, पण अतिलांब मालाला फक्त २०. मुदतवाढ, बिलाची मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत घ्यावी लागते. मोबाइलचे टॉवर पडलेले असताना ती घेणार कशी? हे वित्त विभागाकडे येते, म्हणून आदेश संयुक्त हवा.

वजनात सूट देऊ नका. जादा भाराची गाडी ताम्हिणी किंवा कुंभार्ली उतरताना ब्रेकचे लायनर तापतात आणि ते पकडत नाहीत. फिटनेस, विमा, लायसन्सही तसेच राहू द्या. त्याच कायद्याच्या कलम ९१(२) खाली कामाच्या तासांत सूट द्यायचीच, तर दोन चालकांची अट घाला, आणि थकलो म्हणणाऱ्याला सलग दहा तास विश्रांती.

गणेशोत्सवात मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी घालताना दूध, इंधन, गॅस, औषधे वगळणारा आदेश शासन काढतेच. त्याच धर्तीवर एका पानाचा मसुदा, मालाची यादी आणि काचेवर लावायच्या पासचा नमुना एप्रिलअखेर रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि सर्व आरटीओंकडे पोचावा. पास चालकाच्या नावाने नको, गाडीच्या नंबरावर द्या. चालक वाटेत बदलतो.

आपले,
कोकणात मालवाहतूक करणारे काही गाडीमालक व चालक